तळे राखील तो…

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. कधी वापरतो? एखाद्या सोसायटीच्या चिटणिसाने नवी मोटार घेतली, कुणा पुढाऱ्याच्या भाच्याला ठेका मिळाला, की आपण डोळा बारीक करून म्हणतो, ‘चालायचंच, तळे राखील तो…’ पुढचं वाक्य पुरं करायचीही गरज पडत नाही. राखणदार म्हणजे आतून खाणारा, असा त्या म्हणीचा अर्थ आपण करून टाकला आहे.

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. शब्द उलटेपालटे करून बघणं हा माझा उद्योग. एखादी म्हण इतकी बदनाम झालेली दिसली, की तिचीही बाजू ऐकून घ्यावी असं वाटतं. आज मी तिचीच वकिली करणार आहे. आणि साक्षीला बोलावणार आहे पूर्व विदर्भातली तळी आणि ती राखणारी माणसं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीच्या मुलखात आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्याच्या काही भागात सुमारे सात हजार जुनी तळी आहेत. सरकारी कागदावर त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. एवढं लांब नाव कोण घेणार? लोकांनी त्याची आद्याक्षरं उचलली आणि म्हटलं ‘मामा तलाव’. सरकारी नावातून इतकं घरगुती नाव निघालेलं दुसरं उदाहरण माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता तुम्ही म्हणाल, जिथे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे तळी हवीत कशाला? कारण धानाचं पीक. धानाला पाणी लागतं ते पावसाच्या सोयीने नाही, स्वतःच्या सोयीने. भाद्रपद-आश्विनात लोंबी भरायच्या वेळी पावसाने पंधरा-वीस दिवस पाठ फिरवली, तर अख्खा हंगाम हातचा जातो. त्या पंधरा-वीस दिवसांची तजवीज म्हणजे हे तळं.

ही तजवीज करणारे होते कोहळी समाजाचे लोक. गोंड राजांच्या काळात त्यांनी ही तळी बांधली. चांद्याच्या गोंड राजाने म्हणे दवंडी पिटवली होती, की जो जंगल साफ करून गाव वसवील त्याला ते गाव मिळेल आणि जो तळं बांधील त्याला त्या तळ्याखाली भिजणारी जमीन मिळेल. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही कोहळ्यांच्या तळी बांधण्याच्या कौशल्याची नोंद आहे.

हे कौशल्य कसलं, तर जमीन वाचण्याचं. उताराची जागा हेरायची, तीन बाजूंनी जमिनीचा नैसर्गिक चढ घ्यायचा आणि चौथ्या बाजूला मातीची पाळ घालायची. एक तळं भरलं, की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्याही खालच्या बोडीत. बोडी म्हणजे लहान तळं. पाणी शेतात सोडायला पाळीत ‘तुडुम’ बसवलेला असे. तुडुम म्हणजे खालून वर एकावर एक भोकं असलेली बांधणी. पाणी जसजसं उतरेल, तसतसं वरून एकेक भोक मोकळं करत जायचं. हा शब्द माझ्या कानाला आपल्या ‘तुडुंब’चा सख्खा भाऊ वाटतो. पंप नाही, वीज नाही. जमिनीचा उतार हेच इंजिन.

आता आपल्या म्हणीकडे येऊ. या तळ्याचं पाणी कोण चाखत होतं? पाळीखालच्या बांध्यांचा, म्हणजे धानाच्या खाचरांचा, शेतकरी चाखत होता. तळ्यात जाळं टाकणारा ढिवर चाखत होता. गुरं पाण्यावर येत. उन्हाळ्यात तळं आटलं, की तळाचा गाळ गाडीबैलाने शेतात जाई, तेच खत. बायका काठावरून कंद आणि भाजी आणत. आणि जे जे चाखत होते, ते ते राखतही होते. पाळ फुटली तर कोणी तहसील कचेरीत अर्ज देत नव्हतं; टोपली-फावडं घेऊन सगळे पाळीवर जमत. मालगुजार काही साधुसंत नव्हता. वेठही होती, अन्यायही होता. पण तळं मेलं तर आपलं घर उपाशी राहील, हे त्यालाही कळत होतं आणि ढिवरालाही.

म्हणीतला एक शब्द आपण नीट ऐकत नाही. म्हण ‘पाणी पिऊन टाकील’ असं म्हणत नाही, ‘चाखील’ म्हणते. चाखणं म्हणजे जिभेवर घेणं, चव बघणं. लहानपणी मशिदीच्या हौदावर वजू करताना वडीलधारी माणसं आम्हाला बजावायची, वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी पाणी बेतानंच वापरा. ‘चाखील’मध्ये मला तोच बेत ऐकू येतो. राखणाऱ्याचा वाटा आहे, आणि त्या वाट्याला मर्यादाही आहे. या अर्थाने घेतली, तर ही म्हण म्हणजे पाणीवाटपाचा एका ओळीतला करारनामाच आहे.

हा करार मोडला १९५१ मध्ये. हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. मध्य प्रदेशाचा मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० चा. तो ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला. मालगुजारी गेली, आणि जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तळीही सरकारजमा झाली. गावकऱ्यांचे निस्ताराचे, म्हणजे परंपरागत वापराचे हक्क कागदावर राहिले. पुढे पाणीपट्टी आली. लोक म्हणाले, आमच्या पूर्वजांनी बांधलेल्या तळ्याच्या पाण्याला पट्टी कसली? पट्टी भरेनात. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पाणी नाही. महाराष्ट्र झाल्यावर लहान तळी जिल्हा परिषदांकडे आली. राखणारा एक, चाखणारा दुसरा. तळ्यांत गाळ भरला, तुडुम बुजले, काठावर अतिक्रमणं झाली.

आणि बेशरम आली. होय, त्या वनस्पतीचं विदर्भात हेच नाव आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतली, फिकट जांभळ्या फुलांची. गुरं तिला तोंड लावत नाहीत, कारण ती विषारी आहे. कांडी तोडून टाकली, तर पडल्या जागी मुळं धरते. उथळ पाण्यात तिने असा काही मुक्काम ठोकला, की काठच्या देशी पाणवनस्पतींना जागाच उरली नाही.

दुसरा बदल पाण्याच्या आत झाला. उत्पन्न वाढावं या चांगल्या हेतूने तळ्यांत कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. त्यांच्या जोडीने बाहेरच्या देशांतले मासे आले: चंदेरा, सायप्रिनस आणि गवत्या. गवत्या नावाप्रमाणे पाण्यातलं गवत खातो, आणि भरपेट खातो. जिथे मरळ, शिंगी, मागूर आणि कितीतरी बारके देशी मासे आडोसा घेत, अंडी घालत, पिल्लं वाढवत, तो आडोसाच संपला. मोठ्या माशांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. देशी मासळी मात्र पावसाच्या पहिल्या पाण्यात आपली आपण वाढत होती. गरिबाच्या ताटातला रोजचा मासा हा देशी मासा होता. तोच दिसेनासा झाला.

या ठिकाणी आपले स्वयंसेवक येतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि तिचे मनीष राजनकर यांनी या तळ्यांचा अभ्यास अनेक वर्षं केला. त्यांच्या कामाची सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी आधी विचारलं. ढिवर समाजातल्या जुन्या माणसांशी बोलून याद्या केल्या: या तळ्यात पूर्वी कोणते मासे होते, आता कोणते उरलेत, कोणती वनस्पती कुठल्या खोलीवर उगवायची, कोणता मासा कशाच्या आडोशाने अंडी घालतो, कोणता पक्षी काय खायला येतो. ज्यांना शाळेचा दाखला नव्हता, त्यांच्याकडे तळ्याचा अख्खा पाठ होता.

मग गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव परिसरातल्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायट्या आणि बायकांचे गट कामाला लागले. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की बेशरम मुळासकट उपटायची. कांडी मागे राहता कामा नये. तळाची घट्ट झालेली जमीन नांगरून मोकळी करायची. शेजारच्या निरोगी तळ्यातून देशी पाणवनस्पतींची रोपं आणायची आणि पावसाळा सुरू झाला, की ती लावायची. ही लावणी धानासारखीच असते, आणि तीही डोळसपणे. काही वनस्पती पूर्ण पाण्याखाली राहणाऱ्या, काही पानं तरंगवणाऱ्या, काही अर्ध्या पाण्यात आणि अर्ध्या हवेत. ज्या त्या खोलीला जी ती वनस्पती. गवत्या मासा सोडायचा नाही, असा ठराव करायचा. देशी मासे आणून सोडायचे. तळ्याचा काही भाग मासेमारीतून मोकळा ठेवायचा.

हळूहळू पाण्याखालचं रान उभं राहिलं. त्यात किडे आले, गोगलगायी आल्या, त्यांच्यामागे देशी मासे आले आणि माशांमागे पक्षी. जाळ्यात वजन वाढलं. हे झालं, म्हणून पुढच्या गावाने विचारलं, आम्हालाही दाखवता का? अशी एकाची बघून दुसऱ्याने करत अनेक तळी सावरली.

यातला बायकांचा वाटा मुद्दाम सांगायला हवा. मासे डोक्यावर घेऊन बाजार करायचा बाईने, आणि सोसायटीच्या सभेत बसायचं पुरुषाने, अशी बहुतेक ठिकाणची रीत. तळ्यात उतरून रोपं लावणाऱ्या बाईला मग कोणी ‘तुझं इथे काय काम’ असं म्हणू शकलं नाही. तळं सुधारता सुधारता सभेतली बैठकही थोडी बदलली.

काहींना प्रश्न पडेल, की या लोकांना स्वयंसेवक कसं म्हणायचं? त्यांचा तर यात स्वार्थ आहे. शहरात आपण स्वयंसेवक म्हणतो तो रविवारी सकाळी हातमोजे घालून येणाऱ्याला. त्याचं तळ्याशी पोटाचं नातं नसतं, म्हणून तो निःस्वार्थी. मला तसं वाटत नाही. ढिवर बाई त्या चिखलात दिवसभर उभी राहते, त्याचा रोज तिला मिळेलच असं नाही. फळ मिळालं तर पुढच्या वर्षी, आणि तेही सगळ्या गावाला मिळून. यापेक्षा वेगळी सेवा कोणती? फरक इतकाच, की रविवारच्या पाहुण्याने सोमवारी यायचं सोडलं, तरी त्याचं काही अडत नाही. हिचं अडतं. म्हणून ती येतच राहते.

गोंदियाकडेच दुसऱ्या तऱ्हेचे स्वयंसेवकही आहेत. सारस हा माणसाएवढ्या उंचीचा पक्षी. महाराष्ट्रात आता तो जवळपास फक्त गोंदिया-भंडाऱ्यात उरला आहे, आणि तोही मोजक्या संख्येने. ‘सेवा’ या गोंदियातल्या संस्थेचे कार्यकर्ते, वनविभाग आणि गावकरी मिळून उन्हाळ्याच्या अखेरीला भल्या पहाटे तळ्यातळ्यांवर आणि नदीकाठी पांगतात आणि सारसांची गणना करतात. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडेही ती होते. पक्ष्याला राज्याची सीमा कुठली ठाऊक? सारस आपलं घरटं उथळ पाण्यात, कित्येकदा धानाच्या बांधीतच रचतो. ज्याच्या बांधीत घरटं आहे, तो शेतकरी पिल्लं उडेपर्यंत सांभाळून वागला, तरच पुढच्या वर्षीच्या गणनेत आकडा वाढणार.

उथळ पाणी हा शब्द आता दोनतीनदा आला. या साऱ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे. आपल्याला तळं म्हणजे पाण्याने भरलेलं भांडं वाटतं. भांडं जितकं खोल, जितकं घासूनपुसून लख्ख, तितकं चांगलं! म्हणून तळ्याची सेवा म्हटलं, की आपण एकतर यंत्र लावून सारखं खोल खणतो, नाहीतर काठावर सिमेंटची भिंत बांधून वर फरशी बसवतो. गाळ काढायलाच हवा. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आली, तिने शेतांना गाळ मिळाला, हे चांगलंच. पण यंत्राने चारी बाजूंनी सारखा खड्डा केला, तर पाणी वाढतं आणि तळं संपतं. कारण तळ्याचं बाळंतपण होतं ते काठाच्या गुडघाभर पाण्यात. मासा तिथे अंडी घालतो, बेडूक तिथे, सारस तिथेच चरतो. काठ उभा कापला, की हे सारे बेघर.

शहरातही हेच आहे. १८९१ साली बांधलेल्या पवई तलावाच्या काठाने मुंबई महापालिकेने सायकल ट्रॅक करायला घेतला, तेव्हा आयआयटीतले विद्यार्थी आणि पर्यावरण कार्यकर्ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते बांधकाम बेकायदा ठरवलं. सायकल कुणाला नको आहे? प्रश्न सायकलीचा नव्हता, काठाचा होता.

जलपर्णीचंही तसंच. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावचे तरुण कमरभर पाण्यात उतरून जलपर्णी काढतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येतं आणि दोन महिन्यांत तळं पुन्हा हिरवंगार. त्या तरुणांचे श्रम खोटे नसतात. पण जलपर्णी पोसली जाते गावाच्या सांडपाण्यावर. नाला तळ्यात येतो तोवर तिला जेवण सुरूच आहे. जेवणावळ चालू ठेवून पाहुण्याला हाकलण्यात काय अर्थ? अशा वेळी स्वयंसेवकांनी तळ्याकडे पाठ करून उलट दिशेने चालायला हवं, नाल्याच्या काठाकाठाने, तो कुणाच्या दारातून निघतो ते बघत. हे काम जलपर्णी उपसण्यापेक्षा अवघड आहे, कारण शेवटी तो नाला आपल्याच दाराशी येऊन पोचतो.

कायदा काय करतो? पाणथळ जागांच्या संरक्षणाचे केंद्राचे नियम २०१७ चे आहेत. त्यांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यातून खास सिंचनासाठी बांधलेली तळी वगळली आहेत. मामा तलाव बांधले गेले ते सिंचनासाठीच. म्हणजे शेकडो वर्षांत ज्यांच्यावर सारस पोसला, मासा पोसला, माणूस पोसला, ती ही तळी या नियमांच्या बाहेरच राहतात. मग त्यांना राखणार कोण? पाळीवर उभी असलेली माणसं. त्यांच्याशिवाय दुसरा पहारा नाही.

आणि त्या माणसांना पाळीवर टिकवायचं, तर त्यांचा घोट त्यांना मिळायला हवा. तळं मच्छीमारीला ठेक्याने देताना बोली किती चढली एवढंच बघितलं, तर ज्याच्या खिशात जास्त तो येईल, गवत्या सोडील, दोन वर्षांत पैसा काढून निघून जाईल. ज्यांनी रोपं लावली त्यांच्या हाती तळं दीर्घ मुदतीने राहिलं, तर ते पुढच्या दहा वर्षांचा विचार करतील. मासा हवा तर वनस्पती हवी, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

मला आणखी एका गोष्टीची काळजी आहे, माझ्या धंद्यातली. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसांकडून, ढिवरांकडून त्यांनी पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावं गोळा केली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तक आणि त्यांचे कोश यांमुळे मराठीला कितीतरी शब्द मिळाले. जून २०२५ मध्ये ते गेले. कोशात शब्द राहतो, हे खरं. पण एखाद्या तळ्यातून मासा नाहीसा झाला, की त्या गावच्या मुलांच्या तोंडून त्याचं नाव जातं. पाणवनस्पतीचं रोप लावणारी बाई एक शब्दही लावत असते. माझ्यासारख्यांनी घरी बसून केलेल्या भाषासंवर्धनापेक्षा ते जास्त टिकाऊ आहे.

तुमच्या गावाला तळं असेल. महाराष्ट्रात बहुतेक गावांना असतंच. निदान त्याची जागा आणि नाव तरी असतं. त्याच्यासाठी काही करावंसं वाटलं, तर फावडं उचलण्याआधी काठावर जा आणि तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा: मासे धरणारा, गुरं राखणारा, शिंगाडे लावणारा, धुणं धुणारी, कुणीही चालेल. विचारा, की या तळ्याला पाणी कुठून येतं, पूर्वी यात काय काय होतं, आणि याच्यावर कुणाकुणाचं पोट होतं. उत्तरं वहीत लिहून घ्या. त्यातल्या ज्या घरांचं पोट अजून त्या तळ्यावर आहे, त्यांना आपल्या मंडळाच्या पहिल्या बैठकीला बोलवा, आणि शेवटच्या ओळीत बसवू नका. राखायचं कसं ते त्यांना ठाऊक आहे. चाखायचा हक्क त्यांचा आहे, एवढं आपण कबूल केलं, की पुढची पाळ बांधायला माणसं कमी पडणार नाहीत.